भट्टीतले माणिक आणि जुने फ्रेंच दागिने

१९२० च्या दशकात पॅरिसमध्ये घडवलेल्या प्लॅटिनमच्या अंगठीत मधोमध खाणीतला हिरा आणि त्याच्याभोवती भट्टीत तयार झालेली माणके, अशी जोडी सापडणे मुळीच दुर्मीळ नाही. हे कळताच आजच्या ग्राहकाला फसवणुकीची शंका येते. ती शंका प्रत्येक वेळी रास्त नसते, कारण त्या काळच्या भौमितिक नक्षीसाठी रंगात आणि मापात तंतोतंत जुळणारे बारीक खडे लागत, आणि नैसर्गिक माणकांतून ते निवडून काढणे फार कष्टाचे आणि खर्चाचे होते.

माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. शुद्ध असताना तो रंगहीन असतो. काही ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम आले, की प्रकाशातील जांभळा आणि पिवळट हिरवा भाग शोषला जातो व खडा लाल दिसतो. घटक इतके साधे असूनही मोठा, पारदर्शक स्फटिक वाढवणे अनेक दशके जमले नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदमों फ्रेमी यांना १८७७ मध्ये मिळालेले स्फटिक दागिन्यासाठी फारच लहान होते. त्यांचे शिष्य ओग्युस्त व्हर्नय यांनी आपल्या पद्धतीची टिपणे १८९१ आणि १८९२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे मोहोरबंद ठेवली आणि जाहीर घोषणा केली ती थेट १९०२ मध्ये. संशोधकाचा हा संयम मला त्याच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

त्यांच्या भट्टीत ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिशुद्ध पूड, किंचित क्रोमियम ऑक्साइडसह, ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली पडते. दोन हजार अंश सेल्सियसहून अधिक तापमानात ती वितळते, खालच्या फिरत्या दांड्यावर थेंबाथेंबाने साचते, आणि दांडा हळूहळू खाली ओढला जात असताना काही तासांत लांबट स्फटिक तयार होतो. त्याचा माथा सतत घुमटासारखा गोलसर राहत असल्यामुळे वाढीचे थरही वक्र बसतात. खाणीतल्या माणकात मात्र वाढीच्या रेषा सरळ असतात आणि स्फटिकाच्या कोनांप्रमाणे वळतात. म्हणूनच भिंगाखाली ग्रामोफोनच्या तबकडीवरील खाचांसारख्या वक्र रेषा आणि वायूचे सूक्ष्म बुडबुडे दिसले, तर खड्याचा उगम भट्टीत आहे हे ओळखता येते.

या कच्च्या मालाला पैलू पाडणाऱ्यांत स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या ज्यूरा पर्वतातील कुटुंबेही होती. तेथील सेप्तमोंसेल गावाच्या परिसरात रत्ने घासण्याचा व्यवसाय अठराव्या शतकापासून रुजला होता. दीर्घ हिमवर्षावाच्या काळात शेतीची कामे थांबली, की शेतकरी घरातच खिडकीच्या उजेडात बसून खडा काठीच्या टोकाला चिकटवीत आणि फिरत्या चकतीवर एकेक पैलू घासून काढीत. हे कसब घरातल्या घरात पुढच्या पिढीकडे जाई. पॅरिसच्या नामांकित पेढ्यांचा इतिहास आवडीने सांगितला जातो, पण त्या दागिन्यांची चमक ज्या हातांनी आणली त्यांची नावे बहुतेकदा कुठेच नोंदलेली नाहीत, याची खंत वाटते.

धातू घडवणाऱ्या कारागिरांची गोष्ट वेगळी आहे. १७९७ च्या फ्रेंच कायद्याने कारागिराची छाप समभुज चौकोनात असणे बंधनकारक केले, त्यामुळे चारसहा माणसांच्या कौटुंबिक कार्यशाळेचीही आद्याक्षरे आणि चिन्ह दागिन्यावर उमटले. सरकारी छापांपैकी गरुडाचे डोके १८३८ पासून १८ कॅरट सोन्याची खूण आहे, तर कुत्र्याचे डोके १९१२ पासून प्लॅटिनमची.

या छापा धातूबद्दल बोलतात, खड्याबद्दल काहीच सांगत नाहीत. म्हणून जाणकार दोन्ही पुरावे स्वतंत्रपणे तपासतात: दागिन्याची घडण निर्विवादपणे १८८० ची असेल आणि माणकात त्या वक्र रेषा दिसत असतील, तर मूळ खडा केव्हातरी निखळला आणि त्याच्या जागी दुसरा बसवला गेला, असाच निष्कर्ष काढावा लागतो. १९२५ च्या अंगठीत त्याच रेषा आढळल्या, तर खडा पहिल्या दिवसापासून तिथेच असण्याची शक्यता पुरेपूर असते.