कास्पारोव्ह आणि डीप ब्लू: १९९६ चा सामना आणि १९९७ चा सामना

‘डीप ब्लूने कास्पारोव्हला १९९६ मध्ये हरवलं’ असं कुणी लिहिलं की लगेच कुणीतरी ‘१९९६ नाही, १९९७’ अशी दुरुस्ती करतं. खरं तर दोघांचंही चुकत नाही. डीप ब्लू हा आयबीएम कंपनीचा बुद्धिबळ खेळणारा संगणक आणि गॅरी कास्पारोव्ह तेव्हाचा जगज्जेता. त्यांचे सामने दोन झाले, दोन्ही सहा डावांचे. दोन्हींत यंत्राने कास्पारोव्हला निदान एका डावात हरवलं, पण सामना मात्र एकच जिंकला.

पहिला सामना फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात झाला. १० फेब्रुवारीला पहिलाच डाव डीप ब्लूने ३७ चालींत घेतला. नेहमीच्या स्पर्धेइतका वेळ हाताशी असताना विद्यमान जगज्जेत्याने संगणकाकडून डाव गमावण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ‘१९९६’ हे साल लोकांच्या डोक्यात बसलं ते यामुळे. पुढे काय झालं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. कास्पारोव्हने दुसरा डाव जिंकला, तिसरा-चौथा बरोबरीत सोडवला आणि शेवटचे दोन्ही जिंकून सामना ४-२ असा खिशात घातला. पाचव्या डावात त्याने मध्येच बरोबरी देऊ केली होती, ती आयबीएमच्या चमूने नाकारली आणि डाव गमावला. सहाव्यात यंत्राचे हत्ती-उंट एका कोपऱ्यात असे कोंडले गेले की त्यांना हलायलाच जागा उरली नाही. अशा कोंडीचे परिणाम बऱ्याच चालींनंतर दिसतात, आणि यंत्राची नजर तिथवर पोचत नव्हती. माझ्या मते त्या आठवड्यातली खरी गोष्ट हीच आहे: पहिल्या डावानंतर कास्पारोव्ह यंत्राला ओळखायला शिकला.

दुसरा सामना मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला झाला. डीप ब्लूने तो ३½-२½ असा जिंकला. नेहमीच्या स्पर्धेइतका वेळ असताना विद्यमान जगज्जेता संगणकाशी पूर्ण सामना हरण्याची ही पहिली वेळ.

नाव तेच असलं तरी यंत्र तेच नव्हतं. पहिलं सेकंदाला पटावरच्या ५ ते १० कोटी स्थिती तपासायचं, दुसरं १० ते २० कोटी. बातम्यांमध्ये गाजला तो हा वेग. मला त्याहून मोलाचा वाटतो तो पटावरची स्थिती जोखण्यात झालेला बदल. खास बुद्धिबळासाठी बनवलेली चिप नव्याने घडवली गेली. आधी ती स्थितीतली सुमारे ६,४०० वैशिष्ट्यं ओळखायची, आता ८,००० हून जास्त ओळखू लागली. जोएल बेंजामिनसारखा ग्रँडमास्टर चमूबरोबर बसून यंत्राचे कच्चे दुवे शोधत होता. फिलाडेल्फियात उघडी पडलेली उणीव नेमकी इथे भरून काढली जात होती.

त्याचा प्रत्यय दुसऱ्या डावात आला. वजीर आत घुसवून प्यादी टिपायची संधी समोर होती. तोवरच्या संगणकांनी ती सोडली नसती. डीप ब्लूने आधी प्याद्याची अदलाबदल केली, मग उंट ई४ या घरात आणून काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कास्पारोव्हच्या प्रतिहल्ल्याची वाटच बंद केली. ही चाल माणसाची आहे असं कास्पारोव्हला वाटलं आणि त्याने तसा संशय उघडपणे बोलून दाखवला. ४५ व्या चालीनंतर त्याने डाव सोडला. नंतरच्या विश्लेषणात तिथे राजाला पुन्हापुन्हा शह देत राहून बरोबरी साधायची शक्यता होती असं दिसून आलं. हा धक्का फार खोलवर गेला. जो माणूस १९९६ मध्ये हरल्यावर सावध होऊन यंत्राचा अभ्यास करत होता, तोच आता आपल्या गणितावर विश्वास ठेवू शकत नव्हता.

पुढचे तीन डाव बरोबरीत सुटले. सहाव्यात कास्पारोव्ह कारो-कान बचाव (काळ्या मोहऱ्यांनी डाव सुरू करायची एक ठरलेली पद्धत) खेळला. सातव्या चालीला त्याने एच६ वर प्यादं ढकललं, यंत्राने घोड्याचं बलिदान दिलं आणि १९ चालींत सारं संपलं. पुष्कळांच्या आठवणीत यंत्राच्या विजयाचं चित्र म्हणजे हाच डाव. पण तो घोडा यंत्राने पटावर विचार करून दिलेला नव्हता, ती चाल त्याच्या ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींच्या, साठ्यात आधीपासून भरलेली होती. दोन वर्षांतलं अंतर समजून घ्यायचं असेल तर सहावा नव्हे, दुसरा डाव पटावर मांडून पाहावा.

कास्पारोव्हने तिसरा सामना मागितला. आयबीएमने नकार दिला आणि डीप ब्लू निवृत्त केलं. त्यामुळे हिशेब एक-एक असाच राहिला: फिलाडेल्फिया कास्पारोव्हचं, न्यूयॉर्क डीप ब्लूचं.