अण्वस्त्र करार आणि लष्करी बळाची वैधता

अण्वस्त्रे बनवणे, बाळगणे, त्यांच्या चाचण्या घेणे किंवा ती दुसऱ्याला देणे यांवर बंधन घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारांना अण्वस्त्र करार म्हणतात. लष्करी बळ कधी वैध ठरते, हे मात्र या करारांत लिहिलेले नाही. ते संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत आहे. करार मोडणाऱ्या, किंवा मोडल्याचा नुसता संशय असलेल्या देशावर हल्ला करता येतो का, हा वाद या दोहोंच्या सांध्यात उभा राहतो.

सनदेवर २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सह्या झाल्या आणि १६ जुलैला पहिला अणुस्फोट झाला. बळाच्या वापराचे नियम असे बॉम्बच्या तीन आठवडे आधी ठरले. सनदेचे कलम २(४) बळाचा वापर आणि तशी धमकी, दोन्हींना मनाई करते. अपवाद दोनच : सुरक्षा परिषदेची मंजुरी, आणि कलम ५१ नुसार सशस्त्र हल्ला झाल्यावर स्वसंरक्षण.

अण्वस्त्रप्रसारबंदी करार १९६८ मध्ये सह्यांसाठी खुला झाला व ५ मार्च १९७० पासून लागू आहे. १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेल्या पाच देशांनाच तो अण्वस्त्रधारी मानतो. सुरक्षा परिषदेत नकाराधिकार आहे तो याच पाचांकडे, आणि या व्यवस्थेवरचा खरा आक्षेप इथेच आहे. इतरांनी बॉम्ब बनवायचा नाही. त्या बदल्यात पाचांनी निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिकपणे वाटाघाटी करायच्या, असे कलम ६ सांगते. पहिल्या अर्ध्या भागावर पहारा आहे, दुसऱ्यावर नाही. भारत, पाकिस्तान आणि इस्रायल यांनी करारावर कधीच सही केली नाही.

पहारा ठेवते ती व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था. तिचे एक जुने साधन म्हणजे तांब्या-पितळेचे, नाण्याएवढे सील. त्याच्या आतल्या बाजूस ओरखडे काढून त्यांचा फोटो ठेवतात आणि मग ते अणुइंधनाच्या पेटीला लावतात. काढल्यावर सील व्हिएन्नाला नेऊन ओरखडे जुळवून पाहतात. जुळले नाहीत, तर सील बदलले गेले. करारावरचा विश्वास अशा बारीक कामावर टिकतो.

अण्वस्त्र वापरणेच बेकायदा आहे का, या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी सल्लागारी, म्हणजे बंधनकारक नसलेले, मत दिले. मते ७-७ अशी समसमान पडली आणि अध्यक्ष मोहम्मद बेजाऊई यांच्या निर्णायक मताने निकाल लागला : असा वापर सर्वसाधारणपणे कायद्याविरुद्ध ठरेल, मात्र राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागले असेल तर काय, हे न्यायालय निश्चित सांगू शकत नाही. जिथे उत्तराची सर्वाधिक गरज होती, नेमके तिथेच ते मिळाले नाही. निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी नुसत्या सुरू ठेवून भागणार नाही, त्या तडीस न्याव्या लागतील, यावर मात्र सर्व न्यायाधीशांचे एकमत होते.

७ जून १९८१ रोजी इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी बॉम्बफेकीत नष्ट केली. भावी धोक्यापासून स्वसंरक्षण, असे कारण दिले गेले. इराक करारात होता, इस्रायल नव्हता. सुरक्षा परिषदेने ठराव ४८७ एकमताने संमत करून हल्ल्याचा निषेध केला; अमेरिकेनेही बाजूने मत दिले. २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने परिषदेची नवी मंजुरी न घेता इराकवर स्वारी केली. इराकने अणुकार्यक्रम पुन्हा सुरू केल्याचा पुरावा नाही, असे तपासनीस त्याआधीच सांगत होते आणि युद्धानंतरही अण्वस्त्रे सापडली नाहीत. त्याच वर्षी उत्तर कोरियाने करारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले आणि ९ ऑक्टोबर २००६ रोजी पहिली चाचणी घेतली. त्याच्यावर निर्बंध आले, बॉम्ब पडले नाहीत. यातून इतर देश काय शिकतील, याची धास्ती वाटते.

जून २०२५ मध्ये इस्रायलने आणि नंतर अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले. इराण कराराचा सदस्य होता. त्याने ६० टक्क्यांपर्यंत युरेनियम समृद्ध केले होते, म्हणजे त्यातल्या विखंडनक्षम युरेनियम-२३५ चे प्रमाण तितके वाढवले होते, आणि जबाबदाऱ्या न पाळल्याचा ठपका अणुऊर्जा संस्थेच्या नियामक मंडळाने हल्ल्याच्या आदल्याच दिवशी ठेवला होता. असा ठपका सुरक्षा परिषदेकडे जाण्याची वाट उघडतो, कोणा एका देशाला हल्ल्याचा अधिकार देत नाही. हल्ल्यांनंतर इराणने कायदा करून संस्थेशी सहकार्य थांबवले आणि जुलैच्या सुरुवातीला तपासनीस देशाबाहेर पडले. समृद्ध युरेनियमचा साठा कुठे व किती आहे, हे त्यानंतर संस्थेला प्रत्यक्ष पडताळता आले नाही.