भूक मेलेली बोटुकली

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात काचेच्या पेटीत सोनमासे होते. मे महिन्यात रात्री वीज गेली की हवेचा पंप बंद पडे, आणि पहाटे सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असत. आजी म्हणे, "भुकेलेत रे, दाणे टाक." दाणे टाकले तर एकही मासा शिवत नसे. ती भूक नव्हतीच, त्यांना दम लागला होता. उलट ते दाणे कुजून पाण्यातला उरलासुरला प्राणवायूही खात असणार, हे मला फार उशिरा कळले.

मासे तरंगू लागले की बातमी होते. सुरसागर तलावाच्याही अशा बातम्या आपण बडोदेकरांनी वाचल्या आहेत. पण प्राणवायू थोडाच कमी पडला, मासे जगले, तर? मला हाच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, विशेषतः नदी समुद्राला मिळते तिथल्या बोटुकलींच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांच्या बाबतीत.

आधी हिशेब पाहू. एक लिटर हवेत सुमारे 280 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. 30 अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तर सहाच्या आसपास. त्यासाठी माशाला हवेच्या आठशेपट जड पाणी कल्ल्यांतून सतत ढकलावे लागते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते. लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली गेले की ते पाणी 'प्राणवायू-न्यून' समजतात.

कॅनडाचे शास्त्रज्ञ फ्रेडरिक फ्राय यांनी 1947 साली यामागची मांडणी केली. जिवंत राहण्यापुरता प्राणवायू माशाला लागतोच. त्याहून वर जो मिळतो त्यावर पोहणे, पळणे आणि वाढणे चालते. अन्न पचवायलाही प्राणवायू लागतो, आणि भरपेट खाल्ल्यावर ही मागणी काही तास चढीच राहते. म्हणून प्राणवायू आटला की मासा सर्वांत आधी खाणे सोडतो. त्याची भूक मरते. काचेच्या पेटीतले न खाल्लेले दाणे हेच सांगत होते.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या हिवाळी फ्लाउंडर या चपट्या माशाच्या पिल्लांवरचा एक प्रयोग 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. लिटरमागे 6.7 मिलिग्रॅम प्राणवायूत वाढलेली पिल्ले 2.2 मिलिग्रॅममधल्या पिल्लांच्या दुपटीहून अधिक वेगाने वाढली. तिसऱ्या गटाच्या पाण्यात रोज चढउतार ठेवला होता, त्या गटाची वाढ या दोन्हींच्या मधली निघाली. उथळ खाडीत नेमके असेच घडते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री सगळेच तो वापरतात आणि उजाडण्याच्या जरा आधी पातळी तळ गाठते. दुपारी बाराला बाटलीत भरलेला नमुना उत्तम येतो. पहाटे चार वाजता बाटली घेऊन कोण जाणार?

आता आपला किनारा. विश्वामित्री नदी बडोदे शहराचे सांडपाणी घेऊन ढाढर नदीला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखातात. (विश्वामित्रीतल्या मगरींचा दाखला देऊन पाणी ठीक असल्याचे सांगणारे भेटतात. मगर नाकाने हवा घेते, तिला पाण्यातल्या प्राणवायूशी काय देणेघेणे?) पुष्कळ नदीमुखांत हलके गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर झाकणासारखे बसते आणि तळाला हवा मिळत नाही. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात दर उन्हाळ्यात हे होते. खंभातच्या आखातात मात्र भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्याही वर जातो, पाणी सारखे घुसळले जाते आणि झाकण सहसा टिकत नाही. तेव्हा चेसापीकचे चित्र इथे जसेच्या तसे चिकटवू नये. काळजी करायची ती आतल्या, संथ, तापणाऱ्या खाडीच्या फाट्यांची. बोटुकली तिथेच राहतात, कारण खाणे भरपूर मिळते आणि गढूळ पाण्यात लपता येते. निवटी या चिखलातल्या माशाचे बरे असते, ती ओल्या कातडीतूनही श्वास घेत चिखलावर चढून बसते. बाकीच्यांना ती सोय नाही.

वाढ खुंटली म्हणून बिघडले काय? लहान मासा मोठ्यांच्या तोंडात मावतो आणि मावण्याएवढा राहतो तोवर धोक्यात असतो. महिनाभर उशिरा वाढणे म्हणजे आणखी महिनाभर कुणाचे तरी भक्ष्य असणे. शिवाय जेलीफिश कमी प्राणवायूत बरीच तग धरतात, आणि मंदावलेली पिल्ले त्यांच्या तावडीत सहज सापडतात. हे मासे काठावर तरंगत येत नाहीत, त्यामुळे मोजलेही जात नाहीत.

मोजायची एक वाट मात्र आहे. माशाच्या कानात चुन्याचा बारीक खडा असतो. त्यावर रोज एक वलय चढते, हे जॉर्जिओ पॅनेला यांनी 1971 मध्ये दाखवले. खडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की वाढीचे दिवस रुंद आणि उपासाचे दिवस अरुंद दिसतात. प्राणवायू संपलेल्या चिखलातून मँगनीज पाण्यात उतरते, आणि काही जातींत त्याचाही माग या खड्यात सापडतो.