डोळ्यात काडी गेली तर गावात आधी कोण पाहतं?

कापूस वेचताना पऱ्हाटीच्या वाळक्या बोंडाचं टोक डोळ्याला लागणं विदर्भात नवीन नाही. तुरीच्या धसकटानंही असंच होतं. घरी कुणी पदराच्या टोकानं कचरा काढतं, कुणी दुधाचे थेंब टाकतं. वेचणीची मजुरी बुडू नये म्हणून बाई दुसऱ्या दिवशीही शेतात जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो आणि मग गाव म्हणतं, फूल पडलं.

या दोन-तीन दिवसांत तिला नेत्रतज्ज्ञ भेटत नाही. भेटली तर आशाताई भेटते, उपकेंद्रातली सिस्टर भेटते. म्हणून यांना डोळ्यांचं काम कधी आणि किती शिकवलं गेलं, हे पाहायला हवं.

सरकारी पातळीवर सुरुवात १९६३ च्या खुपऱ्या (पापणीच्या आतल्या बाजूला होणारा डोळ्याचा संसर्ग) नियंत्रण कार्यक्रमापासून झाली. १९७० मध्ये रातांधळेपणा टाळण्यासाठी लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस देणं सुरू झालं. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला आणि त्यातून नेत्र सहाय्यक हे पद पुढे आलं. दोन वर्षांचं प्रशिक्षण घेतलेला, डॉक्टर नसलेला, पण नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारा आणि मोतीबिंदू ओळखणारा हा माणूस. महाराष्ट्रात त्याला पुढे नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणू लागले. माझ्या मते ग्रामीण नेत्रसेवेतलं हे सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित पद आहे.

विदर्भात याच्या आधीची एक वाटही होती, कुष्ठसेवेची. वर्ध्याजवळचं दत्तपूर (१९३६), अमरावतीचं तपोवन (१९४६), वरोऱ्याचं आनंदवन (१९४९). कुष्ठरोगात चेहऱ्याची नस निकामी झाली की पापणी पुरती मिटत नाही आणि उघडं राहिलेलं बुबुळ कोरडं पडतं. बुबुळाची संवेदना गेली असेल तर कचरा गेल्याचंही रोग्याला कळत नाही. म्हणून मलमपट्टी करणाऱ्यानं हातापायांच्या जखमांबरोबर रोज डोळाही पाहायचा असतो आणि ठरवून पापण्या मिटायची सवय रोग्याला लावायची असते. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही.

नंतरचा मोठा काळ मोतीबिंदूच्या शिबिरांचा. शाळेच्या वर्गखोल्यांत, मांडवात शस्त्रक्रिया व्हायच्या. ढगाळलेलं भिंग काढून टाकायचं आणि जाड काचांचा चष्मा द्यायचा. तो चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. तिथं सिस्टरचं काम थेंब टाकणं, पट्टी बांधणं, हत्यारं उकळणं एवढंच समजलं जाई. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प महाराष्ट्रासह सात राज्यांत चालला आणि डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवणं रुजलं. शिबिरात फक्त तपासणी आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात, ही पद्धतही याच काळात पक्की होत गेली. आता भिंगाचा नंबर काढायला डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजावी लागते. मोजमाप चुकलं तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही रुग्णाला धूसर दिसतं. निर्जंतुकीकरणात कसूर झाली तर डोळाच जातो. जनरल नर्सिंगमध्ये नेत्र विभागात काढलेल्या थोड्या दिवसांत एवढं सगळं हाताला बसत नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं हे लवकर ओळखलं. खेड्यातल्या बारावी झालेल्या मुली निवडून दोन वर्षं फक्त डोळ्यांचंच काम शिकवायचं, ही तिथली रीत.

पण बोंड लागलेल्या बाईला शस्त्रक्रियेच्या टेबलाचा काय उपयोग? तिचं उत्तर नेपाळमधल्या भक्तपूरच्या अभ्यासात आहे. २००१ साली तो प्रसिद्ध झाला. गावातल्या प्रशिक्षित स्वयंसेवकांनी बुबुळ खरचटलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावलं. १८ तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकालाही बुबुळाचा व्रण झाला नाही. उशीर झालेल्यांत व्रण दिसू लागले. म्हणजे औषध साधं, फक्त वेळेत हवं. शिकवायचं ते एवढंच: खरचटणं ओळखायचं, मलम लावायचं, पांढरा ठिपका दिसला तर थेट मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. आणि मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब कुणाला टाकू द्यायचे नाहीत, कारण पिकाच्या काडीबरोबर बुरशी आत गेलेली असू शकते आणि त्या थेंबांनी ती फोफावते.

गावच्या बाईला हे जमेल का, असं विदर्भात तरी कुणी विचारू नये. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं आरोग्यदूत म्हणून तयार केलेल्या खेड्यातल्या बायांनी नवजात बाळांचा जंतुसंसर्ग घरातच ओळखून इंजेक्शनं दिली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं.

२००५ नंतर आशा आल्या. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली, समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले आणि डोळ्यांची प्राथमिक सेवा त्यांच्या कामाच्या यादीत आली. जिल्हा रुग्णालयांच्या नवजात कक्षातल्या सिस्टरवरही नवी जबाबदारी आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासून घ्यायचा. बाळ सुट्टी घेऊन भामरागडला गेलं आणि वाटेतल्या पर्लकोटा नदीला पूर आला, तर ती तारीख हुकलीच. त्यामुळे सुट्टीच्या कागदावर तपासणीची तारीख लिहिणं आणि आईला ती समजावून सांगणं हेही नेत्रसेवेचंच काम आहे.

कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. खरचटलेलं बुबुळ ओळखून मलम लावायचं आशांचं प्रशिक्षण पोळा ते दसरा या दिवसांत व्हावं, आणि मलमाची ट्यूबही त्याच वेळी त्यांच्या पिशवीत यावी.