व्हीट्यूबर एजन्सी आणि कलावंताची कारकीर्द

स्वतःचा चेहरा न दाखवता, रेखाटलेल्या किंवा त्रिमितीत घडवलेल्या पात्राच्या रूपाने यूट्यूब, ट्विच अशा मंचांवर कार्यक्रम करणाऱ्या कलावंताला व्हीट्यूबर म्हणतात. कॅमेरा माणसाच्या चेहऱ्याच्या हालचाली टिपतो आणि त्यानुसार पडद्यावरच्या पात्राचे डोळे, ओठ, मान हलतात. आवाज, गाणे, हजरजबाबीपणा हे सगळे त्या माणसाचेच. अशा कलावंतांची निवड करणारी, त्यांना पात्र घडवून देणारी, कामे मिळवून देणारी आणि बदल्यात उत्पन्नातला वाटा घेणारी कंपनी म्हणजे व्हीट्यूबर एजन्सी. कलावंत किती वर्षे टिकणार हे त्याच्या गुणांइतकेच एजन्सीशी झालेल्या करारावर अवलंबून असते. त्या करारातला कळीचा प्रश्न एकच : मुखवटा कोणाचा?

सिंधुदुर्गात हा प्रश्न जुना आहे. दशावतार या कोकणी लोकनाट्याच्या कंपन्या कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पावसाच्या तोंडापर्यंत गावोगाव रात्रभराचे प्रयोग करीत फिरतात. मुखवटे ठेवलेला, पूजेचा मान असलेला पेटारा कंपनीचा असतो. नट मोसमापुरता कंपनीत असतो. पुढच्या मोसमात तो दुसरीकडे गेला तर पेटारा मागे राहतो, पण नाव आणि गाजवलेल्या भूमिका त्याच्याबरोबर जातात. ‘आज राजपार्टी (राजाची भूमिका करणारा नट) कोण आसा?’ असे विचारून लोक जत्रेला येतात, कारण संहिता लिहिलेली नसते, संवाद नटाच्या जिभेवर जागच्या जागी घडतो. नेरूरचे सुधीर कलिंगण (निधन २०२२) यांना लोक ‘लोकराजा’ म्हणत. ते बिरुद कोणत्याही कंपनीच्या पेटाऱ्यात मावणारे नव्हते. व्हीट्यूबरच्या बाबतीत नेमके उलटे घडते. पात्राचे नाव, रूप आणि बहुतेक वेळा चॅनेलही एजन्सीचे असते. कलावंत बाहेर पडला की वर्षानुवर्षांची ओळख मागे ठेवून जातो.

व्हीट्यूबर हा शब्द रूढ झाला तो जपानच्या किझुना आइ या पात्रामुळे. २०१६ च्या अखेरीस तिचे चॅनेल सुरू झाले. पात्र लोकप्रिय झाल्यावर २०१९ मध्ये त्याच रूपाला एकाहून अधिक आवाज देण्याचा प्रयोग केला गेला आणि प्रेक्षक नाराज झाले. रूप तेच होते, बोलणारे माणूस वेगळे होते, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळले. एप्रिल २०२० मध्ये मूळ आवाज देणाऱ्या नोझोमी कासुगा यांचे नाव जाहीर करण्यात आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये पात्राने बेमुदत विश्रांती घेतली आणि २०२५ मध्ये ते परतले. मुखवट्याखालचे माणूस बदलता येईल ही समजूत या क्षेत्राच्या पहिल्याच मोठ्या उदाहरणात खोटी ठरली, आणि ही गोष्ट पुरेशा गांभीर्याने घेतली गेली नाही असे वाटते.

पुढची वर्षे एजन्सींची होती. कव्हर या कंपनीची ‘होलोलाइव्ह’ आणि एनीकलर या कंपनीची ‘निजिसान्जी’ ही त्यातली दोन मोठी नावे. होलोलाइव्हची पहिली कलावंत तोकिनो सोरा सप्टेंबर २०१७ मध्ये आली. निजिसान्जीची सुरुवात फेब्रुवारी २०१८ मधली. दोन्ही कंपन्या पुढे तोक्योच्या शेअर बाजारात उतरल्या, एनीकलर २०२२ मध्ये आणि कव्हर २०२३ मध्ये. एजन्सीचा उपयोग खरा आहे आणि तो नाकारता येत नाही. चांगले पात्र रेखाटून घेणे आणि त्याला हालचाल देणे खर्चिक असते. खेळ आणि गाणी वापरायची तर परवानग्या लागतात. धमक्या आल्या तर वकील लागतो. नवख्याला पहिल्याच दिवशी हजारो प्रेक्षक मिळतात ते एजन्सीच्या नावावर. त्या बदल्यात उत्पन्नाचे दोन वाटे जातात. प्रेक्षक सुपरचॅटमधून, म्हणजे थेट कार्यक्रमात पैसे मोजून पाठवलेल्या संदेशातून, देतो त्या रकमेतले सुमारे ३० टक्के आधी यूट्यूब ठेवते, उरलेल्यातून एजन्सी आपला हिस्सा घेते.

पात्र घडवणारे चित्रकार आणि त्याला हालचाल देणारे तंत्रज्ञ यांचाही या व्यवहारात वाटा असतो, पण त्यांच्याकडे लक्ष कमी जाते. त्यांच्याकडून विनामोबदला दुरुस्त्या करून घेतल्याबद्दल जपानच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कव्हरला समज दिली. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या नाचवतात. त्यांच्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. व्हीट्यूबरच्या पात्राला हालचाल देणे हे बाहुलीला दोऱ्या बांधण्याच्याच जातीचे काम आहे. पिंगुळीत ते काम आणि बाहुलीच्या तोंडी शब्द घालण्याचे काम एकाच घरात राहत आले. एजन्सीत मात्र चित्रकार, तंत्रज्ञ आणि बोलणारा या तिघांची एकमेकांशी ओळखही नसू शकते.

एजन्सी सोडण्याला या क्षेत्रात ‘ग्रॅज्युएशन’ म्हणतात. हा शब्द जपानी आयडॉल गटांकडून, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या तरुण कलावंतांच्या गटांकडून, आला. शेवटचा कार्यक्रम होतो, गाणी होतात, प्रेक्षक रडतात आणि पात्र थांबते. होलोलाइव्हची गावर गुरा सप्टेंबर २०२० मध्ये आली, तिच्या चॅनेलची सदस्यसंख्या चाळीस लाखांवर गेली आणि १ मे २०२५ रोजी तिने निरोप घेतला. त्याच संस्थेच्या मिनातो आकुआने ऑगस्ट २०२४ मध्ये, सहा वर्षांनी, निरोप घेतला. अशी माणसे अनेकदा काही महिन्यांत नव्या नावाने, नव्या रूपाने परततात. जपानी चाहते याला ‘तेन्सेइ’, म्हणजे पुनर्जन्म, म्हणतात. आवाजावरून जुने प्रेक्षक माणूस ओळखतात, पण मागच्या जन्माचे नाव उघड घेऊ नये असा शिष्टाचार पाळतात. त्यात माया आहे. तरीही त्या माणसाची मागची काही वर्षांची मेहनत त्याच्या स्वतःच्या नावावर कुठेच लागत नाही.

वेगळा करार शक्य आहे हे अमेरिकेतल्या व्हीशोजो या एजन्सीने दाखवले, आणि तिच्या शेवटातून ते अधिकच स्पष्ट झाले. २०२० मध्ये सुरू झालेल्या या कंपनीत पात्रांचे हक्क कलावंतांकडे होते. जुलै २०२५ मध्ये तिथली सर्वांत नावाजलेली कलावंत आयर्नमाउस हिने, धर्मादाय संस्थेसाठी गोळा झालेला निधी तिथवर पोहोचला नाही आणि आपलेही पैसे थकले, असे सांगून कंपनी सोडली. पाठोपाठ इतरही निघाले आणि काही दिवसांतच कंपनी बंद होत असल्याचे तिच्या प्रमुखाने जाहीर केले. पैशांचे नुकसान झाले, पण आयर्नमाउस त्याच नावाने, त्याच रूपात काम करीत राहिली. एजन्सी बुडाली तरी मुखवटा तिच्याकडेच होता.

कारकीर्द लवकर आटोपण्याचे दुसरे कारण विश्रांतीचा अभाव. चार-पाच तासांचे थेट कार्यक्रम आठवड्यातून अनेकदा करायचे, मध्ये गाण्यांची ध्वनिमुद्रणे, आणि खंड पडला की प्रेक्षक दुसरीकडे जातील ही धास्ती. घसा आधी जातो, मग मन. कोकणातल्या जुन्या धंद्यांना निसर्गानेच सुट्टी दिली आहे. पावसाळ्यात जत्रा नसतात, दशावतारी नट शेतात लावणीला उतरतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा जाळी विणली जातात. व्हीट्यूबरच्या वर्षात असे दोन महिने कोणी राखून ठेवलेले नाहीत. ते करारातच लिहून घेतले पाहिजेत.

भारतात निजिसान्जीने २०२० मध्ये तीन कलावंतांची शाखा सुरू केली आणि २०२१ मध्ये ती बंद केली. मोठी एजन्सी पाठीशी असणे म्हणजे स्थैर्य नव्हे, हे त्या वेळी इथल्या प्रेक्षकांनीही पाहिले. कोकण किनाऱ्यावरून हे काम करू पाहणाऱ्यापुढे आणखी दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली विजेची. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. एरवीही मुसळधार पावसात वीज आणि रेंज दोन्ही जातात. दुसरी अडचण ओळख लपवण्याची. शहरातल्या बंद खोलीतून अनोळखी राहता येते. वाडीत पडवीतले बोलणे शेजारच्या आगरात ऐकू जाते आणि ‘हो तर अमक्याचो झील’ (हा तर अमक्याचा मुलगा) हे पहिल्याच वाक्याला कळते. त्यामुळे आपण काय करतो हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना आधी सांगून, जगापासून लपणे आणि वाडीला ठाऊक असणे हाच इथला व्यवहार्य मार्ग दिसतो. शिमग्यात मुखवटा चढवून नाचणाऱ्या संकासुराच्या बाबतीत गाव हेच करते : आत कोण आहे हे सगळ्यांना माहीत असते, आणि कोणी बोलत नाही.

करारावर सही करणाऱ्याला भारतीय कायद्याचा काही आधार आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ धंदा करण्यास मनाई करणारी अट निरर्थक ठरवते. त्यामुळे ‘एजन्सी सोडल्यावर इतकी वर्षे हे काम करायचे नाही’ अशी अट सहसा टिकत नाही. अठरा वर्षांखालील मुलाशी केलेला करार त्याच्यावर बंधनकारक नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरले जाते. म्हणून बहुतेक करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द घातलेले असतात. सही करण्याआधी ते कुठे आहेत हे शोधावे आणि पात्राचे नाव, रूप व चॅनेल करार संपल्यावर कोणाकडे जाणार, किती किमतीला परत घेता येणार, हे त्याच कागदावर लिहून मागावे.