तेराव्यानंतरचं दुःख

दुखवट्याला आलेली माणसं दोन गोष्टी हमखास सांगतात. आधी "रडून घे, मोकळी हो", आणि चहा येईपर्यंत "आता मुलांकडे बघून सावरायला हवं". जिचा नवरा गेलाय ती दोन्हींना मान हलवते. सल्ले एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये जी मांडणी केली, तिच्यानुसार दोन्ही बरोबर आहेत. फक्त एकाच वेळी नाहीत. शोकात असलेला माणूस कधी गेलेल्या व्यक्तीकडे ओढला जातो, कधी उरलेल्या संसाराकडे, आणि हे येणं-जाणं हेच शोकाचं काम असतं.

बँकेत पेन्शनच्या कागदांवर चोख प्रश्न विचारणारे आजोबा दुपारी कपाटातली साडी दिसली की कोसळतात. संध्याकाळी नातवाच्या बोलण्यावर खळखळून हसतात, आणि हसलो म्हणून रात्री स्वतःलाच दोष देतात. यात दोष देण्यासारखं काहीच नाही. काळजी वाटायला हवी ती हे हेलकावे थांबून माणूस एकाच टोकाला अडकला तर.

मग त्या पाच पायऱ्यांचं काय? नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार: व्हॉट्सॲपवर हे दर महिन्याला कोणीतरी पाठवतंच. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे मांडलं, ते शिकागोत स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचा अभ्यास तो नव्हता. शोक या क्रमाने जातो असं पुढच्या संशोधनात दिसलेलं नाही. तरी यादी टिकली, कारण याद्या टिकतात. तिचा त्रास असा की आई गेल्यावर "मला राग आलाच नाही, माझं काही चुकतंय का?" अशी आणखी एक चिंता माणसाच्या डोक्याला लागते.

मेंदूच्या बाजूने पाहिलं तर मोठी अडचण सवयीची आहे. चाळीस वर्षं साडेसातला जिन्यात त्याच माणसाची पावलं वाजली असतील, तर मेंदू त्या वेळी ती पावलं गृहीत धरतो. मृत्यूची बातमी एका क्षणात कळते, पण हजारो वेळा पक्कं झालेलं गृहीतक मोडायला महिने लागतात. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये लिहिलं, की जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचा भास कधी ना कधी झाला होता. कोणाला आवाज ऐकू आला, कोणाला नुसतं अस्तित्व जाणवलं. हे वेडाचं लक्षण नाही. पण बऱ्याच जणांनी ते आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. सदाशिव पेठेत असो की कोथरूडच्या सोसायटीत, आपल्याकडेही कोण सांगणार? सुनेला काय वाटेल, हा प्रश्न आधी येतो.

शरीरही यातून सुटत नाही. इंग्लंड-वेल्समधल्या ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांच्या १९६९ च्या अभ्यासात पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा ४० टक्के जास्त निघालं, आणि त्यात हृदयविकार ठळक होता. म्हणून दहाव्याच्या धावपळीत घरातल्या ज्येष्ठांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या चुकत नाहीत ना, ते कुणीतरी बघायला हवं. फुलांची ऑर्डर देणारे पुष्कळ असतात.

आता समुपदेशन. शोकात असलेल्या प्रत्येकाने ते घ्यावं, हा आग्रह चुकीचा आहे. २००८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सरसकट सगळ्यांना दिलेल्या समुपदेशनाचा फायदा नगण्य दिसला. ज्यांना खरोखर पेलवत नव्हतं, त्यांना मात्र उपयोग झाला होता. बहुतेक माणसं नातलग, शेजारी, काम आणि काळ यांच्या आधाराने वाट काढतात. अंदाजे दहातला एक अडकतो. अशा अडकलेल्या शोकाला २०२२ पासून आजारांच्या जागतिक वर्गीकरणात स्वतंत्र जागा मिळाली. त्यात किमान सहा महिन्यांची मर्यादा आहे, तर अमेरिकी नियमावलीत प्रौढांसाठी एक वर्षाची. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत घरात मंगलकार्य टाळतात, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. पण नुसता काळ मोजून निदान होत नाही. रोजची तीव्र ओढ, मृत्यू खोटाच वाटणं, आपला एक भागच मेल्यासारखं वाटणं, माणसं तोडणं, आणि या सगळ्यामुळे रोजचं जगणं ठप्प होणं, हे पाहिलं जातं.

अशा शोकासाठी न्यूयॉर्कच्या कॅथरीन शिअर यांनी १६ बैठकींची पद्धत बसवली. २००५ च्या चाचणीत तिचा गुण ५१ टक्के लोकांना आला, नेहमीच्या एका मान्य मानसोपचाराचा २८ टक्क्यांना. तिच्यात माणूस डोळे मिटून मृत्यूची हकीकत सांगतो, ती ध्वनिमुद्रित होते, आणि घरी तो ती पुन्हा ऐकतो. टाळलेल्या जागी तो हळूहळू परत जातो, मग ते हॉस्पिटलसमोरचा रस्ता असो की दोघांचा आवडता बाक. पुढे एका बैठकीत तो गेलेल्या माणसाशी मोठ्याने बोलतो आणि त्याच्या वतीने उत्तरही स्वतःच देतो.

हे वाचून मला दशक्रियेचा घाट आठवतो. कावळा पिंडाला शिवत नाही, तेव्हा कोणीतरी हात जोडून म्हणतं, "धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नका." अर्धवट राहिलेलं बोलणं चारचौघांत मोठ्याने बोलून टाकायची सोय आपल्या रिवाजात होतीच. फरक असा की घाटावर ते दहाव्या दिवशीच उरकावं लागतं, बोलायचं असेल ते गर्दीत आणि भटजींच्या घाईत, आणि ज्या लेकीला सगळ्यात जास्त बोलायचंय ती बहुधा घरीच असते. समुपदेशक तीच गोष्ट माणसाची तयारी झाल्यावर करवून घेतो. करोनाच्या काळात ज्यांना ना अंत्यदर्शन मिळालं ना दुखवट्याची माणसं, त्यांच्यासाठी हे अधिकच लागू.

गोळ्यांनी शोक जातो का? २०१६ च्या चाचणीत सिटॅलोप्रॅम या औषधाने, वरील उपचाराच्या जोडीला दिल्यावर, नैराश्याची लक्षणं कमी झाली, पण शोकाच्या लक्षणांत फरक पडला नाही. म्हणून सोबत नैराश्य आहे का, हे डॉक्टरांनी तपासणं महत्त्वाचं.

पुण्यात समुपदेशकाकडे जाणाऱ्याने पहिल्याच भेटीत विचारावं: शोकावर काम केलंय का, किती बैठका लागतील, फी किती? हे विचारणं उद्धटपणाचं नाही. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. घराबाहेर पडवत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. मुलं परदेशात परतल्यावर मागे एकट्या राहिलेल्या आई-वडिलांच्या फोनमध्ये तो मुलांनीच जाताना सेव्ह करून द्यावा. आणि "मलाही त्यांच्या मागोमाग जायचंय" असं कोणी म्हणालं, तर सहा महिने की वर्ष हा हिशेब लावत बसू नये. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे त्याला स्पष्ट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं आणि तोवर त्याला एकटं सोडू नये.