सरसकट चाळणी परीक्षा

अमेरिकेतील सरकारी शाळांत ‘गिफ्टेड’ म्हणजे प्रगत वर्गांसाठी मुले निवडताना एका इयत्तेतील झाडून सगळ्या मुलांची प्राथमिक चाचणी घेण्याची पद्धत. यात पालकांनी अर्ज करायचा नसतो आणि शिक्षकांनी नाव सुचवायचे नसते. वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलापुढे कागद येतो.

या प्रगत वर्गांत कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या घराण्यांतील) आणि गरीब घरांतील मुले त्यांच्या संख्येच्या मानाने फार थोडी दिसतात. दोष परीक्षेला दिला जातो, पण गळती त्याच्या बरीच आधी सुरू होते. जुन्या रिवाजात मुलाची बुद्ध्यांक चाचणी व्हावी, असे आधी कोणीतरी म्हणावे लागते. शिकल्यासवरलेल्या आईवडिलांना ही वाट ठाऊक असते. ऐपत असली तर ते खासगी मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करून आणतात. दोन ठिकाणी राबणाऱ्या, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या आईला मात्र असे काही मागता येते याचाच पत्ता नसतो. शिक्षकांच्या नजरेतूनही मुले सुटतात. २०१६ साली शिक्षण-संशोधक जेसन ग्रिसम आणि ख्रिस्तोफर रेडिंग यांनी दाखवले की गुण सारखे असूनही कृष्णवर्णीय मुलांची निवड गोऱ्या मुलांपेक्षा कमी होते, आणि शिक्षक कृष्णवर्णीय असले की वाचनाच्या प्रगत वर्गांबाबतची ही तफावत बरीचशी मिटते.

फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) २००५ मध्ये दुसरीच्या सर्व मुलांना नागलिएरी चाचणी द्यायला सुरुवात केली. तिच्यात शब्दांवर भर नसतो. आकृत्यांची एक चौकट, तिच्यातला एक कोपरा रिकामा, आणि खालच्या पर्यायांतून तिथे बसणारी आकृती ओळखायची. इंग्रजी कच्चे म्हणून कोणाचे अडत नाही. चांगले गुण मिळवणाऱ्यांना पुढे पूर्ण बुद्ध्यांक चाचणीला पाठवत. तिथे पात्रतेची रेषा १३० होती. गरीब आणि इंग्रजी शिकत असलेल्या मुलांसाठी ११६. या रेषा चाळणीसाठी खाली आणल्या नव्हत्या, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांच्या अभ्यासानुसार प्रगत वर्गांत जाणारी कृष्णवर्णीय मुले सुमारे ८० टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक मुले सुमारे १३० टक्क्यांनी वाढली. ही मुले आधीही त्याच शाळांत, तितकीच हुशार होती; त्यांच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

मंदीनंतरच्या काटकसरीत २०१० मध्ये ही चाळणी थांबली आणि जुनी दरी पुन्हा दिसू लागली.

याच काउंटीचा आणखी एक नियम सांगण्याजोगा आहे. चौथी-पाचवीत ‘गिफ्टेड’ ठरलेले एक मूल असले तरी शाळेने त्या इयत्तेसाठी वेगळा वर्ग काढायचा आणि उरलेल्या जागा आदल्या वर्षीच्या परीक्षेतील सर्वाधिक गुणांच्या मुलांनी भरायच्या. त्या जागांवर आलेल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची गणित-वाचनात मोठी प्रगती झाली, आणि वर्गाबाहेर राहिलेल्यांचे नुकसान झाल्याचे दिसले नाही.

जागाच मोजक्या असतात तिथे चाळणीने प्रश्न सुटत नाही. व्हर्जिनियातील थॉमस जेफरसन विज्ञान-तंत्रज्ञान विद्यालयाने २०२० मध्ये प्रवेश परीक्षा बंद केली, प्रवेशाच्या इयत्तेतील जागा ५५० वर नेल्या आणि प्रत्येक माध्यमिक शाळेतील आठवीच्या वरच्या दीड टक्का मुलांसाठी जागा राखल्या. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि गरीब मुले वाढली. आशियाई मुलांचा वाटा सुमारे ७३ टक्क्यांवरून ५४ वर आला. आशियाई गटात भारतीय वंशाची मुलेही मोजली जातात, त्यामुळे तिथल्या मराठी घरांनाही हा वाद परका नाही. वर्षानुवर्षे तयारी केलेल्या मुलांचे दुःख खोटे म्हणता येणार नाही. पालकांच्या एका गटाने दावा लावला. २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिल्याने नवी पद्धत कायम राहिली.